आम्ही विटेवर उभे राहतो

आमच्या नानांची कुठलीही गोष्ट पानशेतपासून सुरू होते. गोष्ट लग्नाची असो, पेन्शनची असो, नाही तर सकाळी दूध नासल्याची असो, तिचं पहिलं वाक्य "१२ जुलै १९६१. सकाळची वेळ," हेच असतं. मग पानशेतचं धरण फुटतं, पाणी नारायण पेठेत शिरतं, आमच्या वाड्याचा जिना एकेक पायरी करून चढतं, ओसरतं, गाळ काढला जातो आणि मग कुठे गोष्ट हळूहळू दुधापाशी येते. पुण्यातल्या शहाऐंशी वर्षांच्या माणसाला एवढा हक्क असायलाच हवा. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

अडचण निराळीच आहे. गोष्ट मध्येच तोडलेली नानांना चालत नाही. चालत नाही म्हणजे ते रागावतात असं नाही. ते फक्त पहिल्यापासून सुरू करतात. सौ.नं "नाना, चहात साखर किती घालू?" एवढंच विचारलं तरी नाना "अर्धा चमचा" म्हणतात, घोट घेतात, मिशा पुसतात आणि म्हणतात, "हं. तर १२ जुलै १९६१." पाणी पुन्हा जिन्याच्या पहिल्या पायरीवर.

याचा परिणाम असा, की नानांच्या लंबकाच्या घड्याळाची गोष्ट मी चाळीस वर्षं ऐकत आलो आणि तिचा शेवट मला परवा-परवापर्यंत माहीत नव्हता.

आमच्या धंद्यात याला 'फुल रीलोड' म्हणतात.

माझा धंदा काय, हे जरा सांगायला हवं. संगणकाच्या पडद्यावर लोकांना जे दिसतं, ते तयार करणारा मी माणूस. त्याला फ्रंट एंड म्हणतात. दुकानाची पाटी, काच आणि गल्ला आमच्याकडे. मागचं गोदाम दुसऱ्यांकडे. हे मी एकदा नातेवाइकांना सविस्तर समजावून सांगितलं. तेव्हापासून माझ्याकडे प्रिंटर दुरुस्तीला येतात.

गेली आठ वर्षं मी एकाच गोष्टीची पाटी रंगवतो आहे. कर्जाचा अर्ज. सात पानी. पहिल्या पानावर नाव, दुसऱ्यावर पत्ता, तिसऱ्यावर उत्पन्न, असं करत सातव्या पानावर 'अर्ज पाठवा' असं बटण. आता समजा, साहेब म्हणाले की ते बटण हिरवं करा. ते करायला मला चार सेकंद लागतात. पण ते हिरवं झालेलं बघायचं, तर सातव्या पानावर जायला हवं. आणि सातव्या पानावर जायचं, तर आधीची सहा पानं भरायला हवीत. बघितल्यावर साहेब म्हणतात, "जरा फिकट करा." की पुन्हा नाव, आडनाव, वडिलांचं नाव, पिनकोड.

या छळातून आमची सुटका करणाऱ्या युक्तीचं नाव 'हॉट रीलोडिंग'. तुम्ही सातव्या पानावर आहात, बटणाचा रंग बदललात, तर पडद्यावर फक्त बटण बदलतं. भरलेली सहा पानं जिथल्या तिथे राहतात. चूल न विझवता तवा बदलावा, तसं. २०१५ साली पॅरिसच्या एका परिषदेत डॅन अब्रामोव्ह नावाच्या तरुणानं रिॲक्टमध्ये हा प्रकार करून दाखवला, तेव्हा आमच्या जमातीतल्या लोकांना रडूच आलं असणार. मी घरी त्याचं चित्रण पाहिलं आणि सौ.ला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "बटण हिरवं झालं. मग?" असो. काही आनंद एकट्यानंच भोगायचे असतात.

तर आमचा हा संसार आठ वर्षं सुखाचा चालला होता. संसाराचा स्वयंपाकी होता वेबपॅक. हे २०१२ सालचं हत्यार. आम्ही लिहितो शेकडो छोट्या फाइली. त्या एकत्र बांधून ब्राउझरच्या पानात वाढायचं काम त्याचं. त्याची पद्धत जुन्या लग्नातल्या आचाऱ्यासारखी. पहिला पाहुणा बसण्याआधी सगळी पंगत शिजलेली हवी. जिलेबी कुणी मागो न मागो, ती तळून तयार. त्यामुळे सकाळी काम सुरू करायला आम्हाला दीड मिनिट लागे. दीड मिनिटात चहा होत नाही, पण चहाला जायला कारण होतं.

आणि मग आमच्याकडे पुंडलिक आला.

हे त्याचं खरं नाव नव्हे. चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा, कानात सदैव काहीतरी घातलेलं, मला 'सर' म्हणणारा. आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात म्हणाला, "सर, आपण वेबपॅक काढून वीट आणूया."

"काय आणूया?"

"वीट."

हे 'वीट' म्हणजे २०२० साली एव्हन यू या गृहस्थांनी काढलेलं नवं हत्यार. शब्द फ्रेंच आहे, अर्थ 'झटपट', आणि उच्चार मात्र चक्क आपला वीट. हे पंगत शिजवून ठेवत नाही. ब्राउझर जी फाईल मागेल ती तिथल्या तिथे करून वाढतं. गरम गरम. त्याचा पत्ताही गमतीचा: काम करताना ते ५१७३ क्रमांकाच्या दारावर बसतं. रोमन पाच म्हणजे व्ही, आणि पुढचे १७३ इंग्रजी आकड्यांत लिहून डोळे बारीक करून पाहिले तर आय, टी, ई दिसतात. हे पुंडलिकानं मला दाखवलं तेव्हा मी चष्मा काढूनही पाहिलं. चष्म्याशिवाय जास्त स्पष्ट दिसतं.

साहेबांना 'झटपट' हा शब्द आवडला. मुलानं तीन आठवडे खपून सगळा संसार हलवला. वीट फेकणारा पुंडलिक तो. तेव्हा त्या विटेवर कमरेवर हात ठेवून उभं राहायचं काम आपसूकच माझ्याकडे आलं.

पहिल्या दिवशी मी आज्ञा दिली आणि डोळे मिटायच्या आत अर्ज पडद्यावर हजर. दीड मिनिटाची एक सेकंद झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. चहाला जायचं कारण गेलं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मग मी सहा पानं भरली, सातव्या पानावर गेलो, बटण जरा गडद केलं. पडदा एकदा पांढराफटक झाला आणि समोर पहिलं पान आलं. 'अर्जदाराचे नाव.'

मला वाटलं, हात चुकून कुठे लागला असेल. पुन्हा भरलं. पुन्हा पांढरं. पुन्हा 'अर्जदाराचे नाव.' त्या दिवशी मी तो अर्ज त्रेचाळीस वेळा भरला. सुरुवातीला मी अर्जदाराचं नाव, गाव, उत्पन्न नीट देत होतो. दुपारपर्यंत अर्जदाराचं नाव 'अअअ' झालं, वडील 'बबब' आणि वार्षिक उत्पन्न एक रुपया. संध्याकाळी अर्जदार आणि वडील दोघांचंही नाव 'वैताग' होतं. आपण लोकांकडून जे भरून घेतो, ते एकदा स्वतः त्रेचाळीस वेळा भरावं. माणूस नम्र होतो.

मी मात्र नम्र झालो नाही. मी चिडलो. आमच्याकडे रोज सकाळी एक बैठक असते, तिला सगळ्यांनी उभं राहायचं असतं. त्या उभ्या बैठकीत मी सर्वांसमक्ष म्हणालो, "आठ वर्षं हॉट रीलोडिंग चाललं. वीट आली आणि बंद पडलं. मला या विटेचा वीट आलाय." लोक हसले. पुंडलिक हसला नाही. तो म्हणाला, "सर, मी बघतो." तो रात्री अकरापर्यंत बघत बसला. दुसऱ्या दिवशीही बसला. विटेच्या सेटिंगमध्ये जेवढं उलटसुलट करता येईल तेवढं त्यानं केलं. शेवटी साहेब म्हणाले, शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर वेबपॅकवर परत चला. म्हणजे मुलाचे तीन आठवडे पाण्यात. हे ऐकून मला थोडं वाईट वाटलं, हे मी सांगतो. आणि थोडं बरंही वाटलं, हे सांगायला नको, पण सांगतो.

बुधवारी रात्री घरी आलो तो इतका दमून, की बोलायचं त्राण नव्हतं. सौ. भिशीला गेली होती. नाना आरामखुर्चीत बसून भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत... म्हणजे किल्ली देऊन नुकतेच बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "१२ जुलै १९६१. सकाळची वेळ."

मी मध्ये बोललो नाही. दमलो होतो, एवढंच कारण. फोन वाजला नाही, दुधाचा भाऊ आला नाही, कुकरची शिट्टी झाली नाही. आणि चाळीस वर्षांत प्रथमच पाणी ओसरून गोष्ट पुढे, पुढे, पुढे गेली.

ती अशी. पुरात वाड्याची एक बाजू खचली. भिंत पडली नाही, पण तुळया एका अंगाला कलल्या. घड्याळ ओळंब्यात लावलं की तुळईच्या मानानं वाकडं दिसे. म्हणून नानांनी ते तुळईच्या बरोबरीनं, म्हणजे खरं तर तिरकं, लावलं. तिरकं लावल्यावर ते बंद पडू लागलं. तेव्हा बावीस वर्षांच्या नानांनी ते उघडलं आणि लंबकाला ढकलणारी आतली तार बोटानं किंचित वाकवली. झालं. टिक टक बरोबर पडायला लागली. तेवीस वर्षं घड्याळ चाललं. आणि तार वाकवल्याचं नाना साफ विसरले.

१९८४ साली आम्ही कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आलो. सामान टेंपोनं आलं. देव्हारा, आरसा आणि घड्याळ मात्र हातगाडीवरून, कारण टेंपो आदळतो असं नानांचं मत. नव्या सरळसोट भिंतीवर नानांनी ओळंबा धरून घड्याळ लावलं. पाच मिनिटं चाललं आणि थांबलं. पुन्हा हलवलं, पुन्हा थांबलं. इथपर्यंतची गोष्ट मला पाठ होती. यापुढे नेहमी कुणीतरी साखर किती म्हणून विचारत असे.

"हातगाडीवाल्यानं आपटलं म्हणून मी त्याचे राहिलेले पाच रुपये दिले नाहीत," नाना म्हणाले. "महिन्यानं लक्ष्मी रोडवरचा घड्याळजी घरी आला. कान लावून ऐकलं, उघडून बघितलं. म्हणाला, 'नाना, घड्याळ ठणठणीत आहे. भिंतही ठणठणीत आहे. फक्त याला वाकडं लटकायची सवय लावलीय कुणीतरी. ही तार कुणी वाकवली?'"

नाना थांबले. मी गप्प.

"मग काय! संध्याकाळी चालत नारायण पेठेत गेलो. हातगाडीच्या अड्ड्यावर त्याला शोधला आणि पाच रुपये दिले. बोलायचं काय ते सुचेना. तो म्हणाला, 'घड्याळ चालू झालं का?' म्हटलं, झालं. 'बरं झालं,' म्हणाला."

नाना डोळे मिटून पडून राहिले. भिंतीवर टिक टक चालू होती. चाळीस वर्षं मला वाटत होतं, ही घड्याळाची गोष्ट आहे.

गुरुवारी सकाळी सातला मी कचेरीत. आमच्याकडे गिट नावाची एक चोपडी असते. कुणी कुठली ओळ केव्हा लिहिली, याची तीत नोंद असते. ती नोंद दाखवणाऱ्या आज्ञेचं नावच 'ब्लेम', म्हणजे दोष द्या. माणसं किती प्रामाणिकपणे नावं ठेवतात! मी आधी विटेची तक्रार नीट वाचली. होय, ती पहिल्या दिवसापासून तक्रार करत होती. प्रत्येक वेळी पडदा पांढरा होण्याआधी ती कोपऱ्यात लिहीत होती, की 'कॉमन' नावाच्या फाइलीतून जिल्ह्यांची यादी बाहेर जाते आहे, त्यामुळे मला फक्त बटण बदलता येत नाही. फाइलीचं नाव, यादीचं नाव, सगळं. मला तो आगाऊपणा वाटला होता.

'कॉमन' ही फाईल म्हणजे आमच्या प्रकल्पाचा माळा. दोन हजार तीनशे ओळी. अर्जातली बटणं तिच्यात, रकाने तिच्यात, महाराष्ट्राचे छत्तीस जिल्हे तिच्यात, तारखेचं गणित तिच्यात आणि अर्जदारानं आतापर्यंत काय भरलं याची आठवणही तिच्यातच. आता नवा नियम साधा आहे. ज्या फाइलीतून फक्त पडद्यावर दिसणारे भाग बाहेर जातात, ती जागच्या जागी बदलता येते. पण त्याच फाइलीतून यादी किंवा गणितही बाहेर जात असेल, तर ते कुणी कुणी नेलंय याचा भरवसा नसतो. मग निर्णय वरच्या फाइलीकडे जातो, तिथून तिच्या वरच्या. सरकारी कचेरीतल्या अर्जासारखा. कुणीच सही केली नाही आणि तो अगदी वरच्या टेबलावर पोचला, की वरून एकच हुकूम येतो: सगळं पुसा, पहिल्यापासून सुरू करा.

मग आठ वर्षं कसं चाललं? कारण त्या वरच्या टेबलावर मी २०१७ साली दोन ओळींचा एक कारकून बसवून ठेवला होता. खालून काहीही आलं तरी 'स्वीकारलं' असा शिक्का मारायचा, आणि बाकीचं त्या काळचं 'हॉट लोडर' नावाचं मलम सांभाळून घ्यायचं. नव्या घरात त्या दोन ओळींना अर्थच नव्हता. ठेवल्या असत्या तर पान उघडलंच नसतं. म्हणून पुंडलिकानं त्या रीतसर काढल्या. भिंत सरळ झाली आणि घड्याळ थांबलं.

'कॉमन'वर मी 'ब्लेम' चालवलं. दोन हजार तीनशे ओळींपुढे ओळीनं एकच नाव आलं. तेच नाव माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर असतं.

आता खरं सांगतो. खोलीत कुणी नव्हतं. शुक्रवारपर्यंत मी गप्प बसलो असतो, तर वीट गेली असती, वेबपॅक आला असता, माझा म्हातारा कारकून परत शिक्के मारत बसला असता आणि तो माळा मी निवृत्त होईपर्यंत कुणी उघडला नसता. तारही मी विसरलो असतो. मी यंत्रातला चहा घेतला. वाईट होता. मग पुंडलिकाला फोन केला.

शुक्रवारच्या उभ्या बैठकीत मी म्हणालो, "वीट बरोबर आहे. वाकडी माझी फाईल आहे. हा तीन आठवडे बरोबर होता आणि मी चार दिवस त्याला बोल लावला." एवढी तीन वाक्यं म्हणायला मला अर्ज त्रेचाळीस वेळा भरण्यापेक्षा जास्त कष्ट पडले. साहेबांनी दोन आठवडे दिले. पुंडलिक म्हणाला, "सर, त्या दोन ओळी काढण्याआधी मी तुम्हाला विचारायला हवं होतं." मला त्याला पाच रुपये द्यावेसे वाटले.

मग आम्ही दोघांनी मिळून माळा काढला. माळा काढताना जे होतं तेच झालं. दर तासाला कुणीतरी म्हणे, "अरे, हे अजून आहे?" जिल्हे एका फाइलीत गेले, तारखा दुसरीत, अर्जदाराची आठवण तिसरीत. बटणं आणि रकाने यांना आपापल्या खोल्या मिळाल्या. एका फाइलीच्या एकोणीस झाल्या.

वाटेत बाकीची पापंही सापडली. अकरा घटकांना मी नावच दिलं नव्हतं. नाव नसलं की हॉट रीलोडिंगच्या वेळी त्यांची आठवण जपता येत नाही. मग त्यांची एकदम बारशी उरकली. दोन फाइली एकमेकींकडून उसनं घेत होत्या: ही तिच्याकडून साखर, ती हिच्याकडून चहापत्ती. अशा वेळी आधी कुणाचं दार वाजवायचं हे विटेला कळत नाही आणि ती सगळी चाळच उठवते. त्या दोघींना वेगळं केलं. आणि एका ठिकाणी फाइलीचं नाव लहान अक्षरानं सुरू होत होतं, ते बोलावताना मी मोठं अक्षर लिहिलं होतं. माझ्या मॅकची डिस्क हा भेद मनावर घेत नाही, पण त्या फाइलीतला बदल पडद्यावर उमटतच नव्हता. आपल्या समाजात लहान-मोठ्याचा भेद कुठे नाही असं नाही. पण निदान अक्षरांत तरी आपण तो येऊ दिला नाही, याचा मला त्या दिवशी देवनागरीबद्दल फार अभिमान वाटला.

नवव्या दिवशी मी सहा पानं भरली. अर्जदाराचं नाव नीट लिहिलं, उत्पन्नही दिलं. सातव्या पानावर गेलो, बटण हिरवं केलं. पडदा पांढरा झाला नाही. नुसतं बटण हिरवं झालं. मागे पुंडलिक उभा होता. तो काही बोलला नाही, त्यानं फक्त कानातलं काढलं.

त्या संध्याकाळी घरी गेलो तेव्हा नाना जागे होते. म्हणाले, "काय रे, आज लवकर? काम झालं वाटतं?"

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलो. म्हटलं, "नाना, गंमतच झाली. २०१७ सालची गोष्ट. मी तेव्हा एका फाइलीत दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यांचं काय झालं..."

"अहो, भाकरी किती टाकू तुमच्यासाठी?" आतून सौ.

"दोन," मी म्हणालो, आणि नानांकडे वळलो. "हं. तर २०१७ सालची गोष्ट."